काचेच्या टाकीला भोक पाडताना: पहिल्यांदा संप जोडणाऱ्यांसाठी

सहाणेवर चंदनाचं खोड उगाळताना आपण काय करतो ते आठवा. दोन थेंब पाणी, हलका हात, आणि एका लयीत गोल फिरवणं. जोर लावून गंध लवकर येत नाही. पाणी संपलं की खोड अडखळायला लागतं, आवाज कोरडा होतो, मग पुन्हा दोन थेंब. फिश टँकच्या काचेला भोक पाडणं याच जातीचं काम आहे. डायमंडचा बिट काच कापत नाही, उगाळतो. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की पुढचे सगळे नियम (पाणी का, फेऱ्या कमी का, हात हलका का) पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात. आणि जे लोक काच तडकवतात ते बहुतेक वेळा लाकडाला किंवा भिंतीला भोक पाडायच्या सवयीने काचेकडे गेलेले असतात.

पुण्यात गेल्या काही वर्षांत माझ्याकडे सल्ला विचारायला येणाऱ्यांत चार फुटी टाकी घेऊन खाली कपाटात संप (वरच्या टाकीचं पाणी जिच्यात उतरतं आणि जिच्यातून पंप ते परत वर टाकतो, ती दुसरी टाकी) बसवू पाहणारे बरेच असतात. हा लेख त्यांच्यासाठी. ज्यांनी हातात ड्रिल धरलंय, पण काचेला कधी लावलेलं नाही, अशांसाठी.

भोक कशासाठी

भोक न पाडताही संप जोडता येतो. टाकीच्या काठावर अडकवायची ओव्हरफ्लो पेटी मिळते, ती सायफनने पाणी काठावरून पलीकडे नेते. अडचण अशी की हा सायफन हवा शिरली की तुटतो. वीज जाते, पंप थांबतो, आणि वीज आल्यावर पंप पुन्हा पाणी वर टाकू लागतो. सायफन मात्र सुरू होत नाही. वरची टाकी भरते आणि पाणी फरशीवर. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, तेव्हा घरातले सगळे कामावर गेलेले असतात. पावसाळ्यात तर वार बघायचं कारण नाही. भोकातून जाणारं पाणी फक्त उताराने जातं, त्याला सुरू करावं लागत नाही. माझं मत स्पष्ट आहे: संप बसवायचाच असेल तर भोक पाडूनच बसवा.

टाकी अजून बनवायची असेल तर मात्र ड्रिल हातात घेऊच नका. काचवाल्याला ऑर्डर देतानाच, काचा चिकटवण्याआधी, मागच्या काचेला भोकं पाडून द्यायला सांगा. सुटी काच टेबलावर सपाट ठेवून भोक पाडणं केव्हाही सोपं, आणि फुटली तर नुसती एक काच जाते. पुढचं सगळं, टाकी आधीच घरात आहे अशांसाठी.

टफन काच ओळखा

हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण इथे चूक झाली की बाकी काही करायला उरत नाही.

साधी काच, म्हणजे फ्लोट काच, तिला भोक पाडता येतं. टफन काचेला येत नाही. टफन काच बनवताना साधी काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि थंड हवेच्या झोताने झटकन निववतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आक्रसतो. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबलेला आणि गाभा कायमचा ताणलेला राहतो. या ताणामुळेच तिला बळ येतं. पण बिट त्या दाबलेल्या थरातून गाभ्यापर्यंत पोचला की सगळा ताण एकदम मोकळा होतो आणि अख्खी काच एका क्षणात ज्वारीच्या दाण्यांएवढ्या तुकड्यांत विखुरते. सावकाश करा, पाणी घाला, कितीही नवा बिट आणा, टफन काचेत हे होणारच. तिला लागणारी भोकं भट्टीत जाण्याआधीच पाडावी लागतात.

माझी पहिली टाकी अशीच गेली. तयार विकत घेतलेली दोन फुटी होती. बाजू साध्या काचेच्या, हे मी काचवाल्याला दाखवून खात्री करून घेतलं होतं. तळ वेगळा असेल हे मनातही आलं नाही. उलटी ठेवून तळाला बिट लावला, दोन मिनिटं छान चाललं, आणि मग फटाका फुटावा तसा आवाज. हातात ड्रिल, समोर चार उभ्या काचा, आणि मधे खड्यांचा ढीग. तयार टाक्यांत बाजू साध्या आणि तळ टफन असं अनेकदा असतं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून प्रत्येक काच वेगळी तपासायची. एक तपासून बाकीच्यांचा अंदाज बांधायचा नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. आधी चारही कोपरे बघा. टफन काचेवर कोपऱ्यात पुष्कळदा बारीक शिक्का असतो. शिक्का नाही म्हणजे साधी, असं मात्र धरू नका. मग लॅपटॉपवर पूर्ण पांढरा पडदा उघडून तो काचेमागे धरा, डोळ्यांना पोलराइज्ड गॉगल लावा आणि काचेतून बघत मान हळूहळू तिरकी करा. पडदा उजळ-काळा होत जाईल, तो गॉगलचा परिणाम आहे. मान अशा कोनात थांबवा की पडदा जवळजवळ काळा दिसेल. काच साधी असेल तर तो सगळीकडे सारखाच काळा राहतो. टफन असेल तर त्या काळोखात फिकट ढग, पट्टे किंवा ठिपके उमटतात, कडांना रंगही दिसतात. एकदा पाहिलं की विसरत नाही. सरावासाठी आधी गाडीच्या बाजूच्या खिडकीच्या काचेवर बघून घ्या, ती सहसा टफनच असते.

शंका राहिली तर त्या काचेला हात लावू नका. पेठेतल्या काचवाल्याकडून स्थानिक बनावटीची टाकी घेतली असेल तर ती बहुतेक सगळी साध्या काचेची असते, तरीही गॉगलची दोन मिनिटं द्या.

फिटिंग आधी, बिट नंतर

माझ्या भाच्याने त्याच्या टाकीसाठी उत्साहाच्या भरात आधी बिट आणला. पाइप एक इंची, म्हणून बिट २५ मिलिमीटरचा. हिशोब वरवर बरोबर वाटतो, आणि इथेच बहुतेक नवखे अडकतात. पाइपाचं किंवा निपलचं (भोकात बसवायच्या आट्यांच्या नळीचं) 'एक इंच' हे नाव आतल्या पोकळीवरून पडलेलं आहे. बाहेरच्या आट्यांचा व्यास एक इंचीला साधारण ३३.२ मिलिमीटर भरतो, पाऊण इंचीला २६.४ आणि अर्धा इंचीला २१. २५ च्या भोकात एक इंची निपल शिरणारच नाही. आणि पडलेलं भोक मोठं करणं हे नवं भोक पाडण्यापेक्षा कितीतरी अवघड, कारण बिटला मधे टेकायला काचच उरत नाही.

तेव्हा आधी हार्डवेअरच्या दुकानात जा (मी स्वतः बोहरी आळीत जातो, तिथे एका फेरीत सगळं मिळतं) आणि फिटिंग हातात घ्या. मासेवाले त्याला बल्कहेड म्हणतात. प्लंबरच्या दुकानात 'टँक निपल' मागितलंत की चटकन मिळतं, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला लावतात तेच. यूपीव्हीसीचं घ्या. पितळी नको: तांब्याचा अंश पाण्यात उतरतो आणि कोळंबी, गोगलगायी त्याने मरतात. दुकानातच नट फिरवून बघा, आटे सलग चालतात की मधेच अडकतात. रबरी वायसर नखाने दाबा. तो मऊ हवा, नख उठलं पाहिजे. कडक, प्लास्टिकसारखा वायसर असेल तर वेगळा चांगला घ्या. पाच-दहा रुपयांच्या या चकतीवर तुमची तीनशे लिटरची टाकी टेकणार आहे.

घरी येऊन व्हर्निअरने आट्यांच्या बाहेरचा व्यास मोजा. वर दिलेले आकडे प्रमाण आट्यांचे आहेत. काही निपलचा गळा त्याहून जाड असतो, म्हणून माझ्या आकड्यांपेक्षा तुमच्या मोजमापावर विश्वास ठेवा. त्यात दीड-दोन मिलिमीटर मिळवा, तो तुमच्या बिटचा माप. एक इंचीसाठी बहुधा ३५ येतो. ही मोकळी जागा हवीच. प्लास्टिक काचेच्या कडेला घासून बसलं तर नट आवळताना काच तिथूनच तडकते.

जागा नेमायची

तळाला भोक पाडू नका, मागच्या काचेला वरच्या बाजूला पाडा. तळातलं फिटिंग गळलं तर अख्खी टाकी रिकामी होते; वरचं गळलं तर फक्त वरचं थोडं पाणी जातं. अनुभवी लोक तळाला भोकं ठेवतात, त्यांची कारणं असतात, पण पहिलं भोक तिथे नको.

काचेच्या कडेपासून भोकाच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाइतकं अंतर ठेवायचं. ३५ मिलिमीटरचं भोक म्हणजे मधे ३५ मिलिमीटर काच शिल्लक. म्हणजे भोकाचा मध्य कडेपासून किमान साडेपाच सेंटीमीटर आत. वर आडवी पट्टी चिकटवलेली असेल तर निपलची गोल कड तिला अडणार नाही हेही बघा. निपल प्रत्यक्ष काचेवर धरून त्याभोवती मार्करने गोल काढला की सगळं डोळ्यांसमोर येतं.

दोन भोकं पाडा. एक नेहमीच्या पाण्यासाठी, दुसरं अडीअडचणीसाठी. पहिल्याला आतून वर तोंड केलेला एल्बो (काटकोनात वळलेला जोड) लावायचा, त्याच्या तोंडाची उंची म्हणजे तुमची पाण्याची पातळी. दुसऱ्याचं तोंड दोनेक सेंटीमीटर वर. पहिल्यात पान, गोगलगाय किंवा मासा अडकला तरच पाणी दुसऱ्यात जाईल. दोन्हींवर जाळी हवी. दोन मध्यांत मी दहा सेंटीमीटर ठेवतो. काचेला सात पुरतात, पण मागून नट फिरवायला बोटं शिरली पाहिजेत. परतीचा पाइप (पंपाचं पाणी वर आणणारा) काठावरून येऊ द्या, त्याला भोक नको.

पंपाचा माप इथेच ठरवा. १२० × ४५ × ६० सेंटीमीटरची चार फुटी टाकी ३२४ लिटरची. तासाला पाच वेळा पाणी फिरायला १६०० लिटरचा पंप पुरतो. एक इंची भोकातून उताराने साधारण तेवढं पाणी आरामात जातं. पंप दुप्पट ताकदीचा लावाल तर भोक अपुरं पडेल.

हत्यारं

डायमंडचा पोकळ बिट, म्हणजे होल सॉ. त्याच्या कडेवर हिऱ्याची भुकटी निकेलच्या थराने चिकटवलेली असते, हात फिरवला की बारीक पॉलिश पेपरसारखी लागते. ही भुकटी एकदा झिजली की बिट संपला, त्याला धार लावता येत नाही. भालाच्या टोकासारखा काचेचा बिट दुकानदार दाखवतील, तो लहान भोकांसाठी असतो.

ड्रिल हळू फिरणारं हवं. ३५ च्या बिटला मिनिटाला पाचशेच्या आसपास फेऱ्या पुष्कळ झाल्या. घरातलं साधं वायरचं ड्रिल पूर्ण दाबलं की अडीच-तीन हजार फेऱ्या घेतं; त्या वेगात पाणी बाहेर फेकलं जातं आणि काच तापते. दोन गिअरचं बॅटरीवरचं ड्रिल सगळ्यांत उत्तम. पहिल्या गिअरला ते नेमक्या याच वेगाने चालतं, आणि पाण्याजवळ विजेची वायरही नसते. वायरचंच वापरणार असाल तर ते आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवर लावा आणि वायर वरच्या बाजूने आणा. हातोडीचं चिन्ह असलेला मोड बंद आहे हे दोनदा तपासा. तो चालू राहिला तर पहिल्याच सेकंदाला काच जाईल.

पाणी थोपवायला शाडूची माती. गणपतीत उरलेली असेल तर तीच भिजवून मळा. नसेल तर कुंभारवाड्यातून आणा. परदेशी व्हिडिओंत लोक प्लंबरची पुटी वापरतात, पण शाडू काचेला छान धरते आणि नंतर ओल्या फडक्याने निघून जाते. शाडू नसेल तर घट्ट मळलेली कणीकही चालते.

शिवाय चष्मा (डोळ्यांचा नंबर असो वा नसो), चिकटपट्टी, थर्माकोलची जाड शीट, जुनी गोधडी, पाण्याची बाटली. ढगळ हातमोजे घालून ड्रिल चालवू नका, ते बिटमध्ये गुंडाळले जातात.

आणि काचवाल्याकडून तुमच्या टाकीच्याच जाडीचा एक तुकडा. तुकड्यावर आधी एक तरी भोक पाडा. पुस्तकं वाचून सायकल येत नाही तसा काचेचा आवाज वाचून कळत नाही.

भोक

गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आम्ही हे केलं, ते जसं घडलं तसं सांगतो.

टाकी दहा मिलिमीटर काचेची. दहा मिलिमीटर काच चौरस मीटरला २५ किलो भरते, म्हणजे ही टाकी रिकामीच साठ किलोच्या वर. उचलायला तिघं लागलो. हॉलमध्ये थर्माकोल, त्यावर गोधडी, त्यावर टाकी पुढच्या काचेवर आडवी, मागची काच वर आकाशाकडे. आत, खालच्या काचेवर, आणखी एक थर्माकोल: भोकातून निसटणारी चकती थेट काचेवर पडायला नको. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला, भोकाच्या बरोबर खाली, सराव केलेल्या कात्रण काचेचा उरलेला तुकडा चिकटपट्ट्यांनी घट्ट चिकटवला. बिट बाहेर पडताना कडेच्या काचेचे टवके उडतात. मागे काहीतरी टेकलेलं असलं की ते कमी उडतात.

पोकळ बिटला मधे टोक नसतं, त्यामुळे सुरुवातीला तो बर्फावर पाय घसरावा तसा काचभर फिरतो. यावर दोन उपाय. एक, ड्रिल तिरपं धरून बिटच्या एकाच कडेने चंद्रकोर खणायची आणि मग हळूहळू सरळ करत जायचं. दुसरा, प्लायवूडच्या तुकड्याला सुताराकडून त्याच मापाचं भोक पाडून घ्यायचं आणि तो तुकडा दुहेरी चिकटपट्टीने काचेवर बसवायचा, बिट त्या भोकातून घसरू शकत नाही. नवख्याने दुसराच उपाय करावा. लाकडाला भोक पाडायला डायमंडचा बिट मात्र वापरू नका.

प्लायभोवती शाडूची पाळ केली, बोटभर उंच, आणि आत पाणी भरलं. पाच सेकंद चालवून थांबलो, बिट उचलून पाहिलं: काचेवर पूर्ण गोल खूण उमटली होती. ती अर्धीच उमटली तर ड्रिल कललेलं आहे, तिथेच सरळ करा. मग पुन्हा सुरू.

पहिला आवाज किर्र असा उंच येतो, अंगावर काटा आणणारा. बिट बसला की तो उतरतो आणि जात्यासारखी घरघर सुरू होते. ही घरघर हवी. हात ड्रिलला फक्त सरळ धरण्यासाठी. दाब म्हणून ड्रिलचं स्वतःचं वजन पुरेसं. दर पंधरा-वीस सेकंदांनी बिट फिरता ठेवूनच दोन मिलिमीटर उचलायचा, म्हणजे ताजं पाणी खाचेत शिरतं आणि आतलं पीठ बाहेर येतं.

तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला भाचा अस्वस्थ झाला. "मामा, काहीच होत नाहीये. बिट गेला का?"

"पाण्याचा रंग बघ."

पाळीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. ते उगाळलेलं काचेचं गंधच. पाणी पांढरं होतंय म्हणजे काम चाललंय, मग डोळ्यांना खोली दिसो न दिसो. पाणी स्वच्छच राहिलं तर बिट झिजलाय किंवा नुसताच घसरतोय. आणि पांढरं पाणी साईसारखं घट्ट झालं की थांबून पुसून घ्यायचं, नवं भरायचं. या कामात जोर लावावासा वाटण्याचा क्षण हाच असतो, चौथं-पाचवं मिनिट. तेव्हा ड्रिल खाली ठेवा, पाणी बदला, दोन घोट चहा घ्या.

शेवटचा दीड-दोन मिलिमीटर सगळ्यांत नाजूक. खोलीचा अंदाज यावा म्हणून मी बिटवर बाहेरून मार्करने काचेच्या जाडीची रेघ मारून ठेवतो. प्लाय वापरला असेल तर त्याची जाडीही त्यात मिळवा. रेघ जवळ आली की ड्रिलचं वजनसुद्धा थोडं हातावर तोलून धरायचं, फेऱ्या आणखी कमी. त्या दिवशी घरघरीत एकदम पोकळपणा आला, रिकाम्या घागरीवर टिचकी मारावी तसा. पाळीतल्या पाण्याची पातळी हळूच उतरू लागली. याचा अर्थ कुठेतरी एका बाजूला बिट पार गेला. इथे घाईने खाली दाबलं की राहिलेली कड तुकडा पडून सुटते आणि तोच तडा भोकाच्या बाहेर धावतो. आम्ही आणखी अर्धं मिनिट तसंच तरंगतं ठेवलं, आणि चकती टप्कन सुटली. बारा मिनिटं लागली.

दुसरं भोक अकरा मिनिटांत झालं, आणि त्याची आतली कड पहिल्यापेक्षा स्वच्छ होती.

आतल्या कडेला एखाद-दोन मिलिमीटरचे टवके असतील तर घाबरू नका. वायसर त्यांच्या बाहेरच्या सपाट काचेवर पूर्ण टेकला की झालं. टवका वायसरच्या बाहेर गेला असेल किंवा कडेपासून केसासारखी रेघ निघालेली दिसत असेल तर ती टाकी भरू नका, ती काच बदलावी लागेल. नखाने ती रेघ लागते, बॅटरीच्या तिरप्या उजेडात चमकते. भोकाची धारदार कड ओल्या पॉलिश पेपरने, आधी २०० आणि मग ४०० नंबरच्या, हलकेच मोडून घ्या.

पांढरं पीठ ओलं असतानाच पुसा. वाळलं तर उडतं, आणि काचेची धूळ फुप्फुसात जायला नको. तुकडे आणि ती फडकी वर्तमानपत्राच्या चार घड्यांत बांधून वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहा आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात सांगून द्या. त्या पिशव्यांत हात घालून वेगळं करतात.

निपल बसवणं

कोरडं, पुसलेलं भोक. निपलची रुंद कड आतून, पाण्याच्या बाजूला, आणि रबरी वायसर त्या कडेच्या आणि काचेच्या मधे. नट बाहेरून. वायसरला सिलिकॉन लावू नका. ओल्या सिलिकॉनवर रबर आवळताना सरकतं आणि वाकडं बसतं. आट्यांवर टेफ्लॉन टेपही नको, इथे पाणी आटे अडवत नाहीत, रबर अडवतं. हाताने जितका आवळेल तितका आवळा, मग पान्ह्याने पाव फेरी. पाव म्हणजे पावच. काही बल्कहेडचे आटे उलटे असतात, नट अडला तर आधी दुसऱ्या दिशेला फिरवून बघा.

पाइपाचं वजन निपलवर लटकू देऊ नका. भिंतीला किंवा कपाटाला क्लॅम्प लावून पाइप धरा, आणि निपलजवळ एक युनियन टाका म्हणजे पुढे साफ करायला काढता येईल. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांच्या पाइपात क्षार साचतात, त्यांना हे वर्षा-दोन वर्षांनी लागेलच. सॉल्व्हंट सिमेंटचे जोड एक दिवस वाळू द्या.

पाणी भरून, मग वीज घालवून

टाकी तिच्या कायमच्या जागी, स्टँडवर ठेवूनच भरा. पाणी आणि काच मिळून पावणेचारशे किलोंच्या वर जातं. बाल्कनीत चाचणी घ्यायचा मोह नको. निपलच्या खाली बाहेरच्या बाजूला वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवा, एक थेंब सुटला तरी कागद काळपट होऊन सांगतो. भोकांच्या वर पाणी नेण्यासाठी चाचणीपुरतं आतून निपलला प्लग लावा. दोन दिवस तसंच ठेवा. कागद ओला झाला तर पाणी खाली उतरवा, वायसर काढून पुसा, फिरवून पुन्हा बसवा. नट आणखी आवळणं हा उपाय नव्हे.

मग प्लग काढून संप जोडा, पंप चालू करा, पाणी स्थिर झालं की स्वतःच्या हाताने पंपाचं बटण बंद करा. वरचं पाणी एल्बोच्या तोंडापर्यंत खाली येईल आणि परतीच्या पाइपातूनही उलटं वाहील. चार फुटी टाकीत अडीच सेंटीमीटर पाणी उतरलं तर १३.५ लिटर. पण परतीच्या पाइपाचं तोंड दहा सेंटीमीटर खोल बुडवलेलं असेल तर तो तिथपर्यंत सायफनसारखा ओढतो, म्हणजे ५४ लिटर. ६० × ३० × ३८ सेंटीमीटरचा संप काठोकाठ ६८ लिटरचा. त्यात नेहमी ४० लिटर असतील तर रिकामी जागा फक्त २८. उरलेलं पाणी कपाटात. म्हणून परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली तीन मिलिमीटरचं एक भोक ठेवा. पातळी उतरली की त्यातून हवा शिरते आणि ओढणं थांबतं. या भोकात शेवाळं बसतं, दर आठवड्याला काच पुसताना त्यात एक काडी फिरवा.

पंप बंद असताना संपाचं पाणी जिथे थांबलं ते काठापासून निदान पाच सेंटीमीटर खाली असायला हवं. नसेल तर संपातलं पाणी कमी करा आणि पुन्हा बंद-चालू करून बघा. बसलं की पंप चालू असतानाच्या पातळीवर संपाच्या काचेला बाहेरून मार्करने एक आडवी रेघ मारा, शेजारी लिहा: 'चालू पंप – याच्या वर पाणी भरू नये.' तुम्ही गावाला गेलात तर टाकीत पाणी घालायला येणाऱ्या शेजाऱ्यांना ती रेघ दाखवून जा.